मोहाच्या क्षणी भिस्त कोणावर?

मोह म्हणजे नुसती इच्छा नव्हे. जे करायचे नाही असे माणसाने स्वतःच ठरवलेले असते, त्याच गोष्टीची त्याला ओढ लागते, तेव्हा तिला मोह म्हणतात. ज्याने दारू सोडलेली नाही त्याला दारूचा मोह होत नाही, ती फक्त हवीशी वाटते. ज्याने सोडली आहे त्याचा पाय मात्र गुत्त्याच्या दारापाशी अडखळतो. मोहात एकाच माणसाची दोन मने समोरासमोर उभी राहतात. त्यांतल्या चांगल्या मनाने बळ आणायचे कोठून, या प्रश्नाला धर्मविचारात दोन उत्तरे मिळतात. पहिल्या उत्तराप्रमाणे ते बळ माणसापाशी असतेच, त्याला फक्त वळण लावावे लागते. दुसऱ्या उत्तराप्रमाणे मोह पडतो तो नेमका याच बळाला, म्हणून भिस्त ईश्वरावर ठेवावी लागते. पुढे पहिली भूमिका ‘प्रयत्नवादी’ आणि दुसरी ‘शरणवादी’ मांडतो.

वादाचा उगम

ख्रिस्ती परंपरेत हा वाद इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी उघडपणे झडला. ब्रिटनमधून आलेला पेलॅजियस हा तपस्वी वृत्तीचा शिक्षक रोममध्ये राहत होता. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती होणे आता धोक्याचे राहिले नव्हते, उलट सोयीचे झाले होते. बाप्तिस्मा घेऊनही पूर्वीसारखेच ऐषारामात जगणारे आणि वर ‘माणूस दुबळाच’ अशी सबब सांगणारे लोक त्याला आजूबाजूला दिसत होते. त्याच सुमारास उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याचे ‘कबुलीजबाब’ हे आत्मकथन वाचले जात होते. त्याच्या दहाव्या भागात एक प्रार्थना आहे. देवाने हवी ती आज्ञा करावी, पण ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे, असा तिचा आशय आहे. ती कोणीतरी वाचून दाखवली तेव्हा पेलॅजियस संतापला, अशी आठवण ऑगस्टीनने पुढे लिहून ठेवली आहे.

410 साली व्हिसिगॉथांनी रोम लुटले. त्या धामधुमीत पेलॅजियस आधी आफ्रिकेत आणि तेथून पॅलेस्टाईनमध्ये गेला. तेथे त्याने दिमेत्रियास या ब्रह्मचर्यव्रत घेतलेल्या खानदानी तरुणीला एक लांब पत्र लिहिले. चांगले जगायला शिकवताना आधी माणसाच्या अंगची ताकद दाखवून द्यावी, हे त्या पत्राचे सूत्र होते. एखादी गोष्ट आपल्याला जमणारच नाही असे ज्याला वाटते, तो तिच्या वाटेलाच जात नाही. पेलॅजियसने देवाची कृपा नाकारली नव्हती. क्षमता, धर्मनियम, पापांची क्षमा आणि ख्रिस्ताचा आदर्श ही सगळी कृपाच, असे तो म्हणे. मात्र क्षमता देवाची असली तरी इच्छा करणे आणि ती तडीस नेणे हे माणसाचे काम, अशी त्याची वाटणी होती.

ऑगस्टीनला ही वाटणी मान्य नव्हती. मोहात बिघडते ती इच्छाच. मग बिघडलेल्या इच्छेने स्वतःला दुरुस्त कसे करायचे? पॅलेस्टाईनमधील डायोस्पोलिसच्या धर्मसभेने 415 साली पेलॅजियसला निर्दोष ठरवले, पण 418 साली कार्थेजच्या सभेने त्याची मते त्याज्य ठरवली आणि रोमच्या बिशपनेही त्या निर्णयाला दुजोरा दिला. 529 साली ऑरेंज येथील सभेने चांगल्या इच्छेचा आरंभही कृपेनेच होतो हे मान्य केले. मात्र देव काहींना पापासाठीच नेमून ठेवतो ही कल्पना तिने धिक्कारली. सोळाव्या शतकात विद्वान इरॅस्मस (1524) आणि धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर (1525) यांनी मुक्त इच्छेवर परस्परविरोधी ग्रंथ लिहिले आणि तोच वाद पुन्हा पेटला.

मोह येण्याआधी

वादाचा कस पहिल्यांदा लागतो तो मोह अजून दूर असताना. ‘कबुलीजबाब’च्या सहाव्या भागात ऑगस्टीनने आपला जिवलग मित्र अलिपियस याची हकिगत सांगितली आहे. कायदा शिकायला रोममध्ये आलेल्या अलिपियसला ग्लॅडिएटरांच्या झुंजींचा तिटकारा होता. एकदा जेवण आटोपून परतणाऱ्या मित्रांनी त्याला वाटेत गाठले आणि थट्टामस्करीत ओढत आखाड्याकडे नेले. ‘शरीर ओढून न्याल, मन आणि डोळे कसे न्याल?’ अशा अर्थाचे काहीतरी त्याने त्यांना सुनावले. तेथे जाऊनही न गेल्यासारखे राहायचे, म्हणजे मित्रांवरही मात होईल आणि झुंजीवरही, असा त्याचा बेत होता. जागा मिळाल्यावर तो डोळे घट्ट मिटून बसला. कान मात्र उघडेच होते. एक लढवय्या पडला, प्रेक्षकांतून प्रचंड आरोळी उठली आणि काय झाले ते पाहण्यासाठी त्याने डोळे उघडले. जे दिसेल त्याला तुच्छ लेखण्याची आपली तयारी आहे, असे त्याला त्या क्षणीही वाटत होते. रक्त दिसले आणि त्याने नजर वळवली नाही. तो ओरडू लागला, बेभान झाला. पुढे तो नुसता पुन्हा पुन्हा जाऊ लागला असे नाही, इतरांनाही सोबत नेऊ लागला. हाच अलिपियस नंतर थगास्ते गावचा बिशप झाला.

शरणवादी: अलिपियसचा निश्चय खोटा नव्हता, तिटकाराही खरा होता. तो हरला कारण त्याने सगळी भिस्त स्वतःवर ठेवली. ऑगस्टीनचा निष्कर्षही हाच आहे. मित्राचे धाडस मोठे होते आणि बळ थोडे होते. देवावर टेकायचे सोडून स्वतःवर टेकल्यामुळे ते आणखी थोडे झाले.

प्रयत्नवादी: यातून सिद्ध होते ते इतकेच, की अलिपियसने स्वतःला नीट ओळखले नव्हते. ज्याला आपली कुवत माहीत आहे तो आखाड्यात जाऊन डोळे मिटत बसत नाही, तो मित्रांना वाटेतच वाटाण्याच्या अक्षता लावतो. हा दोष अपुऱ्या प्रयत्नाचा आहे, प्रयत्नावरच्या विश्वासाचा नव्हे.

शरणवादी: कुवतीचा अंदाज चुकवणे हीच तर मोहाची रीत आहे. मन शांत असताना केलेला हिशेब मन पेटल्यावर लागू पडत नाही आणि शांत मनाला हे आधी कळत नाही. मी दुबळा ठरू शकतो, हे मान्य करून ठेवणारा माणूस आखाड्याचा रस्ताच टाळतो. शरणागतीचे पहिले फळ म्हणजे हा सावधपणा.

आधुनिक मानसशास्त्रातील एक निरीक्षण या ठिकाणी शरणवाद्याच्या मदतीला येते. नॉर्डग्रेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2009 साली धूम्रपान करणाऱ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना चाचणीच्या निमित्ताने तुमचा संयम चांगला आहे असे सांगितले गेले, काहींना कमी आहे असे. मग सर्वांना ‘कॉफी अँड सिगारेट्स’ हा चित्रपट सिगारेट न ओढता पाहायचा होता. सिगारेट दुसऱ्या खोलीत ठेवायची, टेबलावर ठेवायची, हातात धरायची की न पेटवता ओठांत ठेवायची, हे ज्याचे त्याने निवडायचे होते. मोह जितका जवळ, तितके बक्षीस मोठे. ज्यांना संयमी म्हटले गेले होते त्यांनी मोह अधिक जवळ घेतला आणि शेवटी सिगारेट पेटवणाऱ्यांतही त्यांचेच प्रमाण जास्त निघाले. प्रयोगात देवाचा संबंध नव्हता. स्वतःवरचा फाजील भरवसा माणसाला आगीशी खेळायला लावतो, एवढेच त्यातून दिसते. पण वाद नेमका याच मुद्द्यावर आहे.

प्रत्यक्ष मोहाच्या क्षणी

मोह समोर उभा राहिला की विचाराला फारसा वेळ नसतो. शरणागतीच्या परंपरेत या क्षणाचे साधन म्हणून जे काही सुचवले गेले, ते सगळे लहानसे आणि चटकन हाती येणारे आहे. इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हॅग्रियसने (मृत्यू 399) माणसाला छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार सांगितले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, राग, कंटाळा, कीर्तीची हाव आणि गर्व. प्रत्येक प्रकाराला तोंड देण्यासाठी शास्त्रातील वचने वेचून त्याने एक संग्रह तयार केला. कोणता विचार आला तर कोणते वचन उच्चारायचे, हे त्यात आधीच नेमून दिलेले होते. पुढे मार्सेयजवळ मठ स्थापणाऱ्या जॉन कॅसियनने हे आणखी सोपे केले. देवाने त्वरेने धावून यावे अशी विनवणी करणारी स्तोत्रातील एकच ओळ कोणत्याही संकटात, कोणत्याही वासनेच्या वेळी म्हणत राहावी, असा इजिप्तमधील साधूंचा सल्ला त्याने लिहून ठेवला. नामस्मरणाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला या साधनाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

प्रयत्नवादी: म्हणजे मन दुसरीकडे वळवणे आणि त्यासाठी आधी सराव करणे. हे तर आमचेच शस्त्र. वचन पाठ केले माणसाने, वेळेवर आठवले माणसाने, तोंडून काढलेही माणसानेच. यात देवाने काय केले?

शरणवादी: उच्चार माणसाचा, पण उच्चाराचा रोख वेगळा. ‘मी हे करणार नाही’ असे मनाशी घोकणाऱ्याचे लक्ष स्वतःवर आणि त्या वस्तूवरच खिळून राहते. हाक मारणाऱ्याचे लक्ष तिसरीकडे जाते. आणि जो हाक मारतो तो एकटा लढत नाही.

प्रयत्नवादी: मग देवावर सोडून स्वस्थ बसलेल्या माणसाचे काय? देव सांभाळेल म्हणत पुन्हा त्याच कोंडाळ्यात जाऊन बसणारेही पाहायला मिळतात.

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बायबलमध्येच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायात येशूची अरण्यातील परीक्षा येते. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान त्याला तीनदा मोहात पाडू पाहतो. दगडांच्या भाकरी कर, मंदिराच्या टोकावरून उडी टाक आणि मला नमन करून जगाची राज्ये घे. तिन्ही वेळा येशू अनुवाद या जुन्या करारातील ग्रंथाच्या आधाराने उत्तर देतो. त्यांतला दुसरा मोह या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. देवदूत झेलतील अशी हमी शास्त्रातच आहे, तेव्हा उडी टाकायला हरकत काय, असा सैतानाचा युक्तिवाद असतो. बाहेरून पाहता ही विश्वासाचीच भाषा वाटते. येशू ती नाकारतो, कारण संकट मुद्दाम ओढवून घेऊन देवाला धावायला लावणे म्हणजे देवावर विसंबणे नव्हे, ती देवाची परीक्षा पाहणे झाले. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथाही या बाजूची आहे. त्याचा मालक पोटीफर याच्या बायकोने वस्त्र धरले तेव्हा तो देवाचे नाव घेऊन तेथे थांबला नाही. वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला आणि त्यापायी तुरुंगात गेला. शरणागतीच्या परंपरेत पळून जाणे ही हार मानलेली नाही.

पडल्यानंतर आणि जिंकल्यानंतर

मोहाचा प्रसंग होऊन गेल्यावरचा काळ दोन्ही पक्षांना अवघड जातो, पण दोघांच्या अडचणी वेगळ्या आहेत. सगळा भार स्वतःच्या निश्चयावर असेल तर निश्चय मोडल्यावर हातात काहीच उरत नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम केलेल्या अ‍ॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात ही अवस्था नेमकी टिपली. बऱ्याच दिवसांनी एक पेला घेतलेला माणूस ‘आपल्यात दमच नाही’ असे ठरवतो आणि त्या निराशेतून पुढची बाटली रिकामी करतो. पहिल्या चुकीपेक्षा तिचा त्याने लावलेला अर्थ त्याला अधिक खोल नेतो.

शरणवादी: म्हणूनच येशूचा शिष्य पेत्र याची कथा महत्त्वाची आहे. बाकी सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, अशी ग्वाही त्याने दिली. गेथशेमाने बागेत जागे राहून प्रार्थना करायची होती तेव्हा तो झोपला. त्याच रात्री कोंबडा आरवण्याआधी तीनदा त्याने येशूला ओळखत नसल्याचे सांगितले. तो रडला, पण संपला नाही. पुढे मंडळीची धुरा त्याच्यावरच आली. येशूला पकडून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता. मात्र परत येण्याजोगी जागा आहे असे त्याला वाटले नाही आणि त्याने जीव दिला.

प्रयत्नवादी: क्षमा हमखास मिळणार हे ठाऊक असेल तर पडण्याची भीती कशाला उरेल? पेलॅजियसला रोममध्ये जे लोक दिसले ते याच दिलाशावर निर्धास्त झालेले होते. पुन्हा उभे राहण्यासाठी देव लागतोच असे नाही. चूक कोठे झाली ते शोधून पुढच्या वेळची तयारी करणाराही उभा राहतो. मार्लाटने रुग्णांना तेच शिकवले.

मार्लाटबद्दल प्रयत्नवादी जे म्हणतो ते खरे आहे. घसरण म्हणजे चारित्र्याचा निकाल नव्हे. तो एक प्रसंग आहे आणि त्यातून शिकता येते, हा त्याच्या पद्धतीचा गाभा होता. पण जिंकल्यानंतरच्या धोक्यावर शरणवाद्याकडे बोलायला अधिक आहे. इव्हॅग्रियसच्या यादीत कीर्तीची हाव आणि गर्व शेवटी येतात, कारण बाकीच्यांवर विजय मिळाल्यावरच त्यांना जोर चढतो. लूकच्या शुभवर्तमानातील परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दहावा भाग देतो आणि शेजारच्या जकातदारासारखा आपण नाही म्हणून देवाचे आभार मानतो. त्याने पाळलेले नियम खोटे नाहीत. त्यांचे श्रेय त्याने कोणाच्या खात्यावर मांडले, हा प्रश्न आहे. स्वबळावर मिळवलेल्या संयमाला इतरांकडे तुच्छतेने पाहण्याची खोड लवकर जडते, असे शरणवाद्याचे म्हणणे आहे. प्रयत्नवादी त्यावर एवढेच म्हणतो, की आपल्या शरणागतीचीही फुशारकी मारणारे कमी नाहीत.

भारतीय परंपरेत हाच प्रश्न

हा वाद ख्रिस्ती विचारापुरता मर्यादित नाही. गीतेत दोन्ही सूर ऐकू येतात. सहाव्या अध्यायात माणसाने स्वतःच स्वतःचा उद्धार करावा असे सांगितले आहे, तर अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे सर्व सोडून एकट्या ईश्वराला शरण जाण्याचा उपदेश येतो. दुसऱ्या अध्यायात इंद्रियांची चर्चा करताना दोन्ही बाजू लागोपाठच्या श्लोकांत भेटतात. प्रयत्न करणाऱ्या शहाण्याचेही मन इंद्रिये खेचून नेतात असे आधी म्हटले आहे आणि त्यांना आवरून ईश्वरपर होऊन राहावे असे लगेच पुढे. पतंजलीच्या योगसूत्रांतही वाईट विचारावर विरुद्ध विचाराची भावना करण्याचा उपाय आणि ईश्वरप्रणिधान हे दोन्ही आहेत. योगवासिष्ठ मात्र पौरुषाच्या बाजूने ठाम उभे राहते आणि दैवावर भार टाकणाऱ्याला फटकारते.

रामानुजांच्या श्रीवैष्णव संप्रदायात या प्रश्नावरून दोन शाखा पडल्या. वेदान्तदेशिकांना मानणारी वडकलै शाखा माकडिणीच्या पिलाचे उदाहरण देते. आई नेते, पण पिलाला तिला घट्ट धरून राहावे लागते. पिळ्ळै लोकाचार्य आणि मणवाळ मामुनी यांना मानणारी तेन्कलै शाखा मांजरीच्या पिलाकडे बोट दाखवते. ते काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. म्हणजे देवावर विसंबावे हे मान्य झाल्यावरही माणसाने किती करायचे हा प्रश्न शिल्लकच राहतो.

महाराष्ट्रात समर्थ रामदासांचा दासबोध प्रयत्नाचा गौरव करतो, तर तुकोबांच्या अभंगांत आपले मन आपल्याला आवरत नाही ही कबुली आणि विठ्ठलाचा धावा वारंवार येतो. वारकरी संप्रदायाच्या आचारात या दोन्हींची सांगड दिसते. गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्य आणि मांस वर्ज्य, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही. माळ विठ्ठलाची असते आणि नियम रोज ज्याचे त्यानेच पाळायचे असतात. शिवाय माळ दिसते. माळकऱ्याला कोणी पेला पुढे करत नाही, त्यामुळे मोहाचे निम्मे प्रसंग घडतच नाहीत.

अ‍ॅक्रनमधील भेट

शरणागतीचा विचार व्यसनाच्या प्रश्नाला थेट लावला गेला तो अमेरिकेत. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरणारा बिल विल्सन 1934च्या डिसेंबरमध्ये दारूपासून सुटला होता. 1935च्या मे महिन्यात तो ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरी एका धंद्याच्या कामासाठी गेला आणि ते काम फिसकटले. मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात तो एकटा येरझारा घालत होता. एका बाजूने बारमधील हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता आणि दुसऱ्या बाजूला शहरातील चर्चची यादी लावलेली होती. त्याने यादीतल्या एका धर्मगुरूला फोन लावला. आपल्यासारखाच एखादा दारुडा भेटेल का, अशी त्याची विचारणा होती. त्यातून तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचला. स्मिथने थोडाच वेळ द्यायचे ठरवले होते, पण दोघे कित्येक तास बोलत बसले. स्मिथने 10 जून 1935 रोजी शेवटचा पेला घेतला आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या मद्यपींच्या परस्पर-मदत मंडळांच्या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

1939 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून त्यांच्या बारा पायऱ्या जगापुढे आल्या. दारूपुढे आपले काही चालत नाही हे मान्य करणे ही पहिली पायरी. आपल्याहून मोठी शक्ती आपल्याला ताळ्यावर आणू शकते असा विश्वास ही दुसरी. ज्याला जसा कळेल तशा देवावर आपले जीवन सोपवणे ही तिसरी. त्यानंतरच्या पायऱ्यांत मात्र कामच काम आहे. आपल्या दोषांची लेखी झडती घ्यायची, ती दुसऱ्यापुढे बोलून दाखवायची, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करायची, रोज स्वतःला तपासायचे, प्रार्थना करायची आणि दुसऱ्या व्यसनी माणसाला मदत करायची.

प्रयत्नवादी: येथे दोन गोष्टी नजरेआड होतात. विल्सन त्या दालनात गुडघे टेकून बसला नाही, त्याने फोन उचलला. आणि डॉ. स्मिथ त्याआधी सुमारे दोन वर्षे ऑक्सफर्ड ग्रुप या धार्मिक मंडळात जात होते. तेथे प्रार्थना होती, देव होता, तरी दारू सुटली नाही. सुटली ती समदुःखी माणूस भेटल्यावर.

शरणवादी: ‘हे मला एकट्याला जमणार नाही’ हे मान्य केल्याशिवाय कोणी अनोळखी शहरात फोन फिरवत नाही. देवाची मदत आकाशातूनच यायला हवी असा हट्ट शरणवाद्याचा नाही. ती माणसाच्या रूपाने येते. माणसाला वाट पाहावी लागते ती स्वतःचा ताठा मोडण्याची.

या पद्धतीचा उपयोग किती, याचा मोठा आढावा कॉक्रेन संस्थेने 2020 साली प्रसिद्ध केला. त्यात 27 अभ्यास आणि 10,565 रुग्णांचा समावेश होता. ठरावीक आराखड्यानुसार लोकांना या मंडळांशी जोडून देणारे उपचार दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत विचार-वर्तन उपचारासारख्या इतर मान्य पद्धतींहून सरस ठरले. इतर बऱ्याच निकषांवर ते साधारण बरोबरीचे होते. गुण कशामुळे येतो याच्या अभ्यासांत संगतीतला बदल वारंवार पुढे येतो. पिणाऱ्यांची सोबत सुटते आणि न पिणाऱ्यांची जोडली जाते. शिवाय आपण दारूशिवाय राहू शकतो हा आत्मविश्वासही वाढतो. ‘माझे काही चालत नाही’ या कबुलीपासून सुरू झालेली वाट आत्मविश्वासापर्यंत जाते, हे दोन्ही पक्षांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

शरणागतीवरील आक्षेप

पहिला आक्षेप जबाबदारीचा आहे. बळ देवाने द्यायचे असेल तर अपयशाचे खापरही त्याच्यावर फोडता येते. ऑगस्टीनच्या हयातीतच उत्तर आफ्रिकेतील हाद्रुमेतुमच्या मठातील साधूंनी तसा प्रश्न काढला होता. सगळे कृपेवर अवलंबून असेल तर चुकलेल्याला दोष तरी का द्यावा? ऑगस्टीनने त्यांच्यासाठी स्वतंत्र लेखन केले. कृपा इच्छेला बाजूला सारत नाही, तिला मोकळी करते, म्हणून कानउघाडणी आणि प्रयत्न दोन्ही आवश्यकच राहतात, असे त्याचे उत्तर होते.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे. जीन कर्कपॅट्रिक यांनी 1975 साली अमेरिकेत ‘विमेन फॉर सोब्रायटी’ ही संघटना काढली. ज्या स्त्रियांना आयुष्यभर तुमचे काही चालणार नाही असेच ऐकवले गेले, त्यांना व्यसनमुक्तीच्या पहिल्याच पायरीवर पुन्हा तेच म्हणायला लावणे कर्कपॅट्रिक यांना घातक वाटले. अशा स्त्रीला स्वतःची किंमत कळणे हा उपचाराचा आरंभ, असे त्यांचे मत होते. हा आक्षेप वजनदार आहे. शरणागतीचा उपदेश मुळात गर्विष्ठाचा ताठा उतरवण्यासाठी असतो. आधीच खचलेल्या माणसाला तो सरसकट केला तर औषधाचे विष होते.

तिसरा आक्षेप अनुभवाचा आहे. देव न मानणारी माणसेही मोहावर मात करतात. 1994 पासून काम करणारी ‘स्मार्ट रिकव्हरी’ ही संघटना मोठ्या शक्तीचा आधार न घेता, विचार आणि सवयी बदलण्याच्या तंत्रांवर चालते आणि तेथेही लोक सावरतात. शरणवादी यावर म्हणतो, की न मानणाऱ्यालाही देव बळ देतोच. हे उत्तर श्रद्धेच्या चौकटीत बसते, पण चौकटीबाहेरच्याला त्याने काही सिद्ध होत नाही.

चौथा मुद्दा वैद्यकीय आहे आणि त्यावर दोन्ही पक्षांचे मतभेद असायचे कारण नाही. दीर्घकाळ भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी थांबवली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि जिवावरही बेतू शकते. अशा वेळी डॉक्टरांची देखरेख लागते. तिच्या जागी प्रार्थनाही चालत नाही आणि निश्चयही चालत नाही.

जुळणारे आणि न जुळणारे

दोन्ही बाजू तपासल्यावर पहिली गोष्ट दिसते ती ही, की ईश्वरावर विसंबणे म्हणजे हातपाय गाळणे नव्हे. अरण्यातील परीक्षा, योसेफाचे पळणे, इव्हॅग्रियसची पाठ केलेली वचने, वारकऱ्याची माळ आणि बारा पायऱ्यांतील झडती या सगळ्यांत माणूस भरपूर काही करतो. फरक पडतो तो प्रयत्न कोठे करायचा यात. प्रयत्नवादी आपले बळ मोहाशी झुंजण्यासाठी राखतो. शरणवादी ते मोह टाळण्यात, मदत मागण्यात, संगत बदलण्यात आणि पडल्यावर परत येण्यात घालतो. झुंजीच्या घटकेला आपल्या हातात फारसे नसेल, हे त्याने आधीच धरलेले असते. अनुभवाने शहाणा झालेला प्रयत्नवादीही हळूहळू हाच क्रम पत्करतो.

आचाराच्या पातळीवर दोघे असे जवळ येतात, पण दोन बाबतींत अंतर राहते. एक म्हणजे मदतीचा शेवटचा आधार. मित्र, मंडळ, डॉक्टर आणि सवय यांपैकी काहीच हाताशी नसताना प्रयत्नवाद्याजवळ फक्त तो स्वतः असतो, शरणवाद्याला मात्र तेव्हाही हाक मारायला कोणीतरी असते. दुसरी बाब श्रेयाची. मोह टळल्यावर प्रयत्नवादी म्हणतो ‘साधले’ आणि शरणवादी म्हणतो ‘तारले’. एकाच घटनेची ही दोन वर्णने आहेत आणि त्यांतले खरे कोणते हे कोणत्याही प्रयोगाने ठरत नाही. ते ठरवणारा विश्वास माणूस मोहाच्या प्रसंगी येतानाच सोबत घेऊन आलेला असतो.